बिनपारीची कीश

पदार्थाचें नांव परकें असलें म्हणजे तो आपल्या चुलीवर होण्याजोगा नव्हे, अशी समजूत सहज होते. 'कीश' या फ्रेंच पदार्थाविषयीं ती विशेष दृढ आहे. फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवरील लॉरेन प्रांताशीं हा पदार्थ निगडित असून त्याचें नांव जर्मन भाषेंतील केकवाचक 'कूखेन' या शब्दाच्या कुळांतील मानतात. थाळींत कणकेची किंवा मैद्याची पारी बसवावी, तींत फेटलेलीं अंडीं, साय व खारविलेल्या मांसाचे तुकडे घालावे आणि तें सर्व भट्टींत भाजावें, असें त्याचें जुनें रूप. चीज व भाज्या त्यांत मागाहून आल्या. या रूपांतून पारी, साय व भट्टी वगळली तर उरतात अंडीं, दूध, भाजी आणि विस्तव. या चार वस्तूंना परकें म्हणेल असें खेडें महाराष्ट्रांत सांपडणें कठीण.

उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यांतील मुकुटबन घ्यावें. माजरीहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें गांव आहे. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण लागतें. कापूस व तूर हीं या भागाचीं जुनीं पिकें; मराठीसमवेत तेलुगु, गोंडी व कोलामी या भाषाही येथें कानीं पडतात. परसांत गावरान कोंबड्या, हिवाळ्यांत मेथी-पालक, आणि कुंपणाशीं मुंगना, म्हणजे इतरत्र ज्यास शेवगा म्हणतात तें झाड, हा या मुलखांतील परिचित संसार होय. भाजण्याची कलाही येथें नवी नाहीं. गोवऱ्यांच्या विस्तवांत रोडगे भाजणाऱ्या हातांस मंद आंच शिकवावी लागत नाहीं, आणि बेसन शिजवून ताटांत थापून पाटवडी कापणाऱ्या गृहिणीस 'घट्ट झालेलें मिश्रण कापून वाढणें' ही कल्पना अपरिचित नाहीं. मुंबईच्या पारशी घरांत शिजलेल्या भाजीवर अंडीं फोडून झांकण ठेवण्याची 'पर ईडु' नांवाची रीत आहे. तीही या पदार्थाची जवळचीच आप्त म्हणावी लागेल.

असें असतां बिनपारीची कीश अनेकदां बिघडते कां? याचें कारण असें कीं, पारी ही केवळ शोभेची वस्तु नसते. ती तीन कामें करीत असते. मिश्रणास आकार देणें हें पहिलें, भाजीला सुटणारें कांहीं पाणी शोषून घेणें हें दुसरें, आणि खालची आंच अंड्यांस एकदम लागूं न देणें हें तिसरें. पारी काढली म्हणून हीं कामें नाहींशीं होत नाहींत. तीं दुसऱ्या कोणाकडे तरी सोंपवावीं लागतात. आकाराचें काम तेल लावलेल्या डब्याकडे जातें, पाण्याचें काम स्वयंपाक करणारीच्या हातांकडे, आणि आंचेचें काम वाफेकडे. एवढें ध्यानांत धरलें म्हणजे कृति पाठ करण्याचें कारण उरत नाहीं.

प्रथम पाण्याचा विचार करूं. पालकाच्या वजनांत दहांतील नऊ भाग पाणीच असतें. टमाटरांत, ज्यास वऱ्हाडी बोलींत भेदरें म्हणतात, तें याहूनही अधिक. कच्ची भाजी तशीच अंड्यांत घातली, तर ती आंतल्या आंत पाणी सोडते. डब्याच्या तळाशीं तळें सांचतें आणि वडी कापतांच मोडते. म्हणून भाजी आधीं चिरून, चिमूटभर मीठ लावून, थोड्या तेलावर परतावी आणि कढईंतील पाणी आटेपर्यंत उघडीच ठेवावी. पालेभाजी असेल तर ती परतून निवाल्यावर हातांनीं घट्ट पिळावी. पिळून निघालेलें पाणी फेंकूं नये. तें वरणांत घालावें किंवा भाकरीच्या पिठांत मळावें. सत्त्वाचा कांहीं अंश त्या पाण्यांतही उतरलेला असतो.

आतां अंड्याचा गुण. अंड्यांतील प्रथिनें कच्च्या स्थितींत सुताच्या गुंड्यांसारखीं गुंडाळलेलीं असतात. उष्णता लागली कीं तीं उलगडतात, परस्परांत गुंततात आणि त्यांचें एक जाळें बनतें. त्या जाळ्यांत दूध व भाजी अडकून राहतात, यालाच आपण 'घट्ट होणें' म्हणतों. पांढरा बलक सुमारें ६० अंश सेल्सिअसच्या पुढें धरूं लागतो, पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. दूध मिसळलेलें मिश्रण मात्र ८० अंशांच्या आसपास घट्ट होतें. आंच याहून फार वाढली तर जाळें आवळत जातें आणि ओल्या फडक्यास पीळ द्यावा तसें आंतलें पाणी बाहेर पडतें. भोंकें पडलेली, चिवट व पाणी सुटलेली वडी ही अपुऱ्या आंचेची खूण नसून अतिरेकी आंचेची खूण होय. दोन चमचे बेसन मिसळण्याचें प्रयोजन येथेंच आहे. त्यांतील पिष्ट फुगून प्रथिनांच्या मध्यें येतें, आणि जाळें वाजवीपेक्षां अधिक आवळूं देत नाहीं.

प्रमाण पुढीलप्रमाणें घ्यावें. बाजारांतील चार अंडीं पुरतात. गावरान अंडीं आकारानें लहान असल्यामुळें तीं पांच किंवा सहा लागतात. संख्येपेक्षां माप बरें: फोडलेलीं अंडीं मिळून एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, भरावीं. त्यांस दूध अर्धा पेला, बेसन दोन मोठे चमचे, आणि निवडलेली कच्ची भाजी सुमारें पावशेर, म्हणजे २५० ग्रॅम. शिवाय एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर सांबार म्हणजे हिरवी कोथिंबीर, चिमूटभर हळद आणि मीठ एक लहान सपाट चमचा. भाजीस लावलेलें मीठ यांतलेंच धरावें. मेथी, पालक, मुंगन्याचा कोंवळा पाला, किसलेलें गाजर, बारीक चिरलेली फुलकोबी, यांपैकीं जें हाताशीं असेल तें चालतें.

प्रत्येक अंडें आधीं वेगळ्या वाटींत फोडावें, म्हणजे एखादें नासकें निघालें तरी सर्वांचा नाश होत नाहीं. बेसन थोड्या दुधांत कालवून गुठळ्या मोडाव्या. मग उरलेलें दूध व अंडीं घालून हलकेंच ढवळावें. फेंस येईपर्यंत घुसळूं नये, कारण अडकलेल्या हवेनें वडी फुगते व निवतांच खचते. भाजी पूर्ण निवाल्यावरच यांत मिसळावी. ऊन भाजीनें अंडें जागच्या जागीं शिजूं लागतें. पसरट डब्यास तेल लावून वर कोरडें बेसन भुरभुरावें व त्यांत मिश्रण ओतावें. त्याचा थर दोन बोटांहून अधिक जाड नसावा.

एका मोठ्या गंजांत दोन बोटें पाणी उकळवून आंत कडें ठेवावें व त्यावर डबा ठेवावा. गंजाच्या झांकणास आंतून फडकें बांधावें, नाहीं तर वाफेचें पाणी ठिबकून वडीवर पडतें. फडक्याचीं टोंकें वर गुंडाळून घ्यावीं, तीं विस्तवाशीं लोंबूं देऊं नयेत. कुकर असल्यास शिट्टी न लावतां वापरावा. उघड्या वाफेची उष्णता १०० अंशांच्या वर जात नाहीं, हा तिचा मोठा गुण. करपण्याचें भय अशानें टळतें. चूल असेल तर पऱ्हाटीच्या भडकत्या जाळावर भरंवसा ठेवूं नये. पऱ्हाटी झपाट्यानें पेटते व तितक्याच झपाट्यानें विझते; तिचा उपयोग पाण्यास आधण आणण्यापुरता करावा आणि पुढचें काम जाड लांकडाच्या निखाऱ्यांवर सोंपवावें. पंचवीस ते तीस मिनिटांनीं मध्यभागीं सुरी खुपसून पाहावी. ती स्वच्छ निघाली कीं डबा उतरावा. कच्चें ओलें अंडें खाण्यांत रोगजंतूंचा धोका असतो, यासाठीं मध्य पुरता धरल्यावांचून उतरूं नये. दहा मिनिटें निवूं द्यावी, कडेनें सराटा फिरवून ताटांत उलटावी, व हवा असल्यास तेल लावलेल्या तव्यावर एक बाजू तांबूस करून घ्यावी. ज्यांच्या घरीं ओव्हन आहे त्यांनीं १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटें भाजावी. ज्या घरीं अंडें वर्ज्य आहे तेथें पाटवडी आहेच. तींत हें बांधणीचें काम बेसन एकटेंच करतें.

आतां या खटाटोपाचें मोल. चार अंड्यांत मिळून सुमारें चोवीस ग्रॅम प्रथिनें असतात. दूध व बेसन त्यांत आणखी भर घालतात. परंतु खरा लाभ वांटणीचा आहे. आम्लेट एकेक करून तव्यावरून ताटांत जातें. पहिलें मुलांस, दुसरें घरधन्यास, आणि करणारीच्या वांट्यास बहुधा तवा पुसून खाल्लेली भाकरी. कीश मात्र एकाच वेळीं अखंड उतरते आणि सर्वांदेखत कापली जाते. सहा माणसें असतील तर सहा तुकडे. त्यांतील एक तुकडा जिनें ती केली तिचा, हें निराळें सांगावें लागत नाहीं. महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आढळलें. एका वडीनें रक्तक्षय जात नाहीं. अंड्यांतील लोह शरीरांत फारसें मुरतही नाहीं, आणि दुखण्यास औषध हवेंच. तथापि जी बाई घरांत सर्वांच्या शेवटीं जेवते, तिच्या ताटांत अंड्याचा व पालेभाजीचा ठरलेला भाग पडणें ही लहान गोष्ट नव्हे. त्यावर लिंबू पिळलें तर भाजींतील लोह शरीरास अधिक लागतें.

मुलांचीही गोष्ट अशीच. शालेय पोषण आहारांत आठवड्यांतून एकदां अंडें, व तें न खाणाऱ्यांस फळ, देण्याचें महाराष्ट्र सरकारनें २०२३ च्या नोव्हेंबरांत ठरविलें. २०२५ च्या जानेवारींत त्यासाठीं वेगळा निधी देणें थांबविलें. सरकारी निर्णय येतात व जातात. मुलांची वाढ त्यांच्यासाठीं थांबत नाहीं. जें पोर मेथी पाहतांच ताट सरकवितें, तें पिवळ्या वडींतील हिरवे ठिपके फारशी कुरकुर न करितां खाण्याचा संभव अधिक. आठवड्यांतून एक दिवस, एक पेला अंडीं आणि पावशेर भाजी, इतकें साधलें तरी पुष्कळ साधलें. लॉरेनची पारी येथवर आली नाहीं, याची खंत करण्याचें मग कोणास कारण राहणार नाहीं.