आधी वाचक, मग लेखिका

प्रेमकादंबरी वाचणारी मुलगी ती सहसा चारचौघांत वाचत नाही. कोपऱ्यावरच्या खासगी वाचनालयातून 'मिल्स अँड बून' आणायचे, त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घालायचे आणि घरात कुणी 'काय वाचतेस गं एवढं?' असे विचारलेच, तर 'काही नाही, असंच' म्हणून कूस बदलायची, हा आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांचा रिवाज. इंग्लंड-अमेरिकेतही चित्र फारसे वेगळे नव्हते. पुस्तके लाखांनी खपायची. पण समीक्षक त्यांच्याकडे फिरकत नसत आणि मोठ्या साहित्य पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव औषधालाही सापडत नसे.

मग या लेखिकांनी एक साधी गोष्ट केली. बाहेरचे कुणी वाचत नाही ना, मग आपणच एकमेकींचे वाचू या, असे ठरवले. त्यासाठी संस्था काढल्या, स्पर्धा भरवल्या, परस्परांच्या लेखनाला गुण दिले, चुका दाखवल्या, पाठ थोपटली. स्पर्धेची एवढी हौस साहित्याच्या दुसऱ्या कुठल्या प्रांतात क्वचितच दिसेल. या हौसेच्या मुळाशी बक्षिसाचा लोभ थोडा आणि वाचनाचे वेड फार, असे तिचा इतिहास पाहिला की वाटू लागते.

बर्फात अडकलेली आई

या गोष्टीची नायिका म्हणून नोरा रॉबर्ट्स यांच्याकडे पाहायला हरकत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात राहणारी ही बाई. 1979 च्या फेब्रुवारीत तिथे प्रचंड हिमवादळ झाले. शाळा बंद, रस्ते बंद. दोन लहान मुलगे दिवसभर घरात धुमाकूळ घालत होते आणि घरातले चॉकलेट संपत आले होते. वेड लागू नये म्हणून नोराबाईंनी वही-पेन्सिल घेतली आणि डोक्यात घोळणारी एक गोष्ट उतरवायला सुरुवात केली.

त्या वेळी त्यांच्याकडे लेखनाची पदवी नव्हती. होते ते वाचन. वाचणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या आणि मुले लहान असताना छोट्या प्रेमकादंबऱ्यांचा त्यांना नाद लागला होता. त्यामुळे या कादंबरीची नाडी त्यांना ठाऊक होती. पण प्रकाशकाचे दार उघडत नव्हते. हार्लेक्विन या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून त्यांची बाडे साभार परत आली. 'आमच्याकडे एक अमेरिकन लेखिका आहे', असेही एकदा उत्तर मिळाल्याचे त्या सांगतात. म्हणजे एक आहे, दुसरी कशाला? पुढे सिल्हूट ही नवी प्रकाशनसंस्था निघाली आणि 1981 मध्ये तिने त्यांची पहिली कादंबरी छापली. आज त्यांच्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली आहे.

नोराबाईंच्या संसाराची कथाही त्यांच्या कादंबरीत शोभेल अशी. पुस्तके मावेनात म्हणून त्यांनी घरात फळ्या ठोकायला एक सुतार बोलावला. 1985 मध्ये त्याच सुताराशी त्यांचे लग्न झाले. पुढे 1995 मध्ये या गृहस्थांनी बून्सबोरो या लहानशा गावात पुस्तकांचे दुकान काढले. फळ्यांपासून सुरू झालेला संसार अखेर पुस्तकांच्या दुकानात स्थिरावला!

सोनेरी हृदय आणि गुणपत्रिका

नोराबाईंची बाडे परत येत होती त्याच सुमारास, 1980 मध्ये, टेक्सासमधल्या ह्यूस्टन इथे 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत व्हिवियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिका होत्या, आणि संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या लेखिका रिटा क्ले एस्ट्राडा. संस्थेने थोड्याच काळात दोन स्पर्धा सुरू केल्या. छापून आलेल्या कादंबऱ्यांसाठी एक पदक. त्यालाच 1990 पासून रिटाबाईंचे नाव मिळाले. आणि ज्यांचे काहीच छापून आलेले नाही अशांसाठी दुसरी स्पर्धा, 'गोल्डन हार्ट', म्हणजे सोनेरी हृदय. पदकांच्या बाबतीत नोराबाईंनी मागे वळून पाहिले नाही. संस्थेच्या मानाच्या यादीत, 'हॉल ऑफ फेम'मध्ये, 1986 साली पहिले नाव लागले ते त्यांचेच.

पण मला अप्रूप वाटते ते दुसऱ्या स्पर्धेचे. गोल्डन हार्टच्या अंतिम फेरीतली बाडे प्रकाशनसंस्थांच्या संपादकांच्या हाती पडत. एरवी ज्या टेबलापर्यंत बाड पोचायला महिने लागायचे, तिथे ते थेट जाऊन बसायचे. शिवाय संस्थेच्या गावोगावच्या शाखा आपापल्या लहान स्पर्धा घेत, त्यांची रीत तर अगदी आपल्या घरगुती स्पर्धांसारखी. पहिली काही प्रकरणे आणि कथेचा सारांश पाठवायचा, सोबत थोडी फी. परीक्षकाला लेखिकेचे नाव कळत नसे. त्याच्या हाती छापील गुणपत्रिका असे: सुरुवात पकड घेते का? नायिका जिवंत वाटते का? दोघांमधली अडचण खरी आहे की एका फोनने मिटेल अशी? संवाद बोलल्यासारखे आहेत का? प्रत्येक प्रश्नाला गुण द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा.

हा शेरा हेच खरे बक्षीस. नव्या लेखिकेचे लेखन कोण वाचते? घरचे वाचतात, ते 'छान आहे' म्हणतात. मैत्रीण वाचते, ती 'खूपच छान आहे' म्हणते. प्रकाशक वाचत नाही, किंवा वाचतो तेव्हा नुसते परत पाठवतो, कारण सांगत नाही. अशा वेळी एखादी अनोळखी बाई शेवटपर्यंत वाचते आणि लिहिते, की तुझी नायिका तिसऱ्या पानावर उगाच रडते, पण स्वयंपाकघरातला प्रसंग मी दोनदा वाचला. आपले कुठे चुकले आणि कुठे बरोबर आले, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळते. अशा शेऱ्यापुढे पहिला नंबर आला की सातवा, हे गौण ठरते.

आठ वर्षांची उमेदवारी

इंग्लंडमध्ये याहूनही जुनी वहिवाट आहे. तिथे 1960 मध्ये प्रणयकादंबरीकारांची संघटना स्थापन झाली आणि तिने नवोदितांसाठी एक योजना आखली. नव्या लेखकाने वर्गणी भरून संपूर्ण कादंबरीचे बाड पाठवायचे. एखादा मुरलेला कादंबरीकार ते वाचून सविस्तर अहवाल लिहितो. वाचणाऱ्याचे नाव गुप्त राहते, त्यामुळे भिडस्तपणाला जागा नाही. या योजनेतून गेलेले बाड पुढे पुस्तक होऊन बाहेर पडले, तर ते नवोदितांच्या खास पुरस्काराला पात्र होते.

या योजनेतून वर आलेल्यांपैकी केटी फोर्ड यांची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. वेल्समध्ये राहत असताना, पदरी लहान मुले असताना त्या मिल्स अँड बूनच्या पुस्तकांत बुडून गेल्या. आपणही असे लिहावे, असे त्या घोकत राहिल्या. अखेर एका नाताळात त्यांच्या आईने भेट म्हणून लेखनाचे सगळे साहित्यच त्यांच्या हाती ठेवले. आता सबब उरली नाही! त्यानंतर त्या मिल्स अँड बूनसाठी आठ वर्षे लिहीत राहिल्या आणि त्या प्रकाशनाने त्यांचे एकही बाड स्वीकारले नाही. पण दर खेपेस कुणीतरी वाचत होते, सांगत होते. शेवटी त्यांची पहिली कादंबरी 1995 मध्ये दुसरीकडून आली आणि गाजली. पुढे त्या त्याच संघटनेच्या अध्यक्षा झाल्या, आणि ज्यांचे अजून काही छापले गेले नाही अशांसाठी त्यांनी आपल्या नावाची मदतनिधी शिष्यवृत्तीही ठेवली.

शब्दकोश उशाशी

लेखनाच्या या उमेदवारीआधी वाचनाची उमेदवारी असते. शेरी थॉमस या लेखिका तेराव्या वर्षी चीनमधून अमेरिकेत आल्या. इंग्रजी जेमतेम. वर्षभराच्या आत त्यांनी सहाशे-सहाशे पानांच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या हातात घेतल्या, सोबतीला इंग्रजी-चिनी शब्दकोश. त्या कादंबऱ्यांतून वेचलेला शब्दसंग्रह पुढे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षांत कामी आला, असे त्या मिश्कीलपणे सांगतात. मोठेपणी त्यांनी त्याच इंग्रजीत प्रेमकादंबऱ्या लिहिल्या आणि रिटा पदक दोनदा मिळवले. 'असली पुस्तकं वाचून काय होणार?' असे म्हणणाऱ्या घरच्या मंडळींना हे उदाहरण जरूर ऐकवावे.

या वाचकांचे वाचन किती बारीक असते, याचा दाखला 1997 मध्ये मिळाला. एका वाचक बाईने नोरा रॉबर्ट्स यांची एक कादंबरी संपवून लागलीच जॅनेट डेली यांची कादंबरी उघडली, आणि त्यांना ओळखीची वाक्ये भेटू लागली. ही जॅनेट डेली म्हणजे हार्लेक्विनकडे आधीपासून असलेली तीच 'एक अमेरिकन लेखिका'. उचलेगिरी त्यांनी कबूल केली. संपादकांच्या, प्रकाशकांच्या नजरेतून जे निसटले, ते एका साध्या वाचकाने पकडले. नोराबाईंनी तडजोडीतून मिळालेली रक्कम साक्षरतेच्या कामाला देऊन टाकली.

स्पर्धेतून जुळलेल्या मैत्रीची उदाहरणेही आहेत. 2006 मध्ये एव्हन या प्रकाशनसंस्थेने इंटरनेटवर एक स्पर्धा घेतली. सर्वांनी मिळून एका कथेची प्रकरणे लिहायची, आणि एकमेकांची वाचून मते द्यायची. तिथे भाग घेणाऱ्यांत टेसा डेअर आणि कोर्टनी मिलान होत्या. दोघीही तेव्हा नवख्या. दोघीही पुढे नावारूपाला आल्या.

आपल्याकडेही या वाऱ्याची झुळूक आली. मिल्स अँड बूनने 2008 मध्ये भारतात कार्यालय उघडले आणि कथास्पर्धा जाहीर केली. इतकी वर्षे आपण फक्त वाचत होतो. आता लिहा, असे आवतण होते ते. बंगळुरूच्या जाहिरात क्षेत्रातल्या मिलन व्होरा यांची 'द लव्ह आसन' ही कथा निवडली गेली, आणि मिल्स अँड बूनच्या पहिल्या भारतीय लेखिका म्हणून त्यांचे नाव झाले.

परीक्षक काय वाचतात?

इथवर सगळे गोड चालले होते. पण स्पर्धा वाचणाऱ्यांच्या जोरावर उभी असते, म्हणून वाचणाऱ्यांचे वाचन तोकडे पडले की तीही तोकडी पडते. अमेरिकेत नेमके तेच घडले. 2018 मध्ये संस्थेनेच आपल्या दप्तरातला हिशेब जाहीर केला. रिटाच्या अंतिम यादीत आजवर पोचलेल्या पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके अर्धा टक्काही नव्हती, आणि तोवर पदक त्यांच्यापैकी एकालाही मिळाले नव्हते. जिच्या संस्थापकांत व्हिवियन स्टीफन्स होत्या, त्या संस्थेचा हा हिशेब! गुणपत्रिका सर्वांसाठी सारखीच होती. पण 'नायिका जिवंत वाटते का?' या प्रश्नाचे उत्तर परीक्षकाने आजवर कोणत्या नायिका वाचल्या आहेत, यावर अवलंबून असते. जिने एकाच रंगाच्या, एकाच तऱ्हेच्या घरातल्या कथा वाचल्या, तिला दुसरे घर परके वाटणारच.

2019 मध्ये केनेडी रायन आणि एम. मलोन यांना पदके मिळाली आणि कोंडी फुटली. पण उशीर झाला होता. त्याच वर्षी गोल्डन हार्ट स्पर्धा बंद झाली. वर्षअखेरीस कोर्टनी मिलान यांच्यावरच्या कारवाईवरून संस्थेत वादळ उठले, सभासद आणि पदाधिकारी बाहेर पडले. 2020 ची रिटा स्पर्धा रद्द झाली, पदक कायमचे निवृत्त झाले. त्या जागी व्हिवियन स्टीफन्स यांच्या नावाने नवा पुरस्कार आला, तोही पहिल्याच वर्षी वादात सापडला. 2024 च्या मे महिन्यात संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. चाळीस वर्षांत उभी राहिलेली इमारत पाच वर्षांत खिळखिळी झाली.

म्हणून स्पर्धाच वाईट, असा निष्कर्ष कुणी काढू नये. इंग्लंडची योजना अजून चालू आहे, आणि अनोळखी बाडे वाचणारे कादंबरीकार अजून मिळतात. आपल्याकडे दिवाळी अंकांच्या, वाचनालयांच्या, महिला मंडळांच्या कथास्पर्धा होतात. निकाल लागतो, तीन नावे छापून येतात, उत्तेजनार्थ दोन. उरलेल्यांचे काय झाले, ते कळत नाही. तिथे प्रत्येक कथेमागे चार ओळींचा शेरा परत पाठवता आला, तर? बक्षिसाची रक्कम वाढवण्यापेक्षा ते काम कठीण आहे, कारण त्यासाठी परीक्षकाने प्रत्येक कथा खरोखर वाचावी लागते. आणि स्वतःच्या आवडीपलीकडचेही काही आधी वाचलेले असावे लागते.

ज्यांना लिहायचे आहे त्यांनी स्पर्धेत जरूर उतरावे. हरल्यावर पुन्हा उतरावे. मधल्या काळात भरपूर वाचावे, आणि पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालू नये.