घरातील इंटरनेट बंद पडल्यास

चिंचोळी औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील ज्या शिक्षकांच्या घरी काचतंतूच्या तारेने इंटरनेट येते, त्यांनी ते बंद पडताच प्रथम यंत्रावरील दिवे पाहावेत. ‘एल्.ओ.एस्.’ या अक्षरांजवळ तांबडा दिवा असल्यास प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचतच नाही, असे समजावे. यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू करणे मग व्यर्थ होय. तार कोठे मुडपली आहे काय, दाराच्या फटीत चेमटली आहे काय, हे पाहावे. तंतूचा गाभा अवघा सुमारे ९ मायक्रोमीटर, केसाहूनही बारीक! सुटलेल्या टोकात मात्र स्वतः डोकावू नये व मुलांसही डोकावू देऊ नये. तो प्रकाश अदृश्य असून नेत्रांस अपायकारक ठरू शकतो. तांबडा दिवा नसेल, तर यंत्राशेजारी बसून पाहावे. जाड दगडी भिंतीपलीकडे वायफाय क्षीण होते आणि बोल विनाकारण तारेला लागतो. तक्रार नोंदविताना दिव्याचा रंग अवश्य कळवावा.