पारव्याच्या पिसांतली माशी

तुम्ही आळंदीला कधी ना कधी गेला असालच. इंद्रायणीच्या घाटावर कुणी ज्वारी टाकली की पाचपन्नास पारवे उतरतात, दाणे टिपतात आणि पाऊल वाजताच फडफडत जुन्या इमारतींच्या वळचणीला जाऊन बसतात. अशाच एका वळचणीतून एक पिल्लू एकदा पायरीवर पडले होते. ते ओंजळीत घेतले, तोच त्याच्या पिसांतून एक चपटी, तपकिरी माशी निघाली आणि खेकड्यासारखी तिरपी धावत माझ्या बाहीत शिरली! झटकली तरी पडेना. मी शिकवतो भौतिकशास्त्र. पण त्या दिवसापासून या माशीने माझा पिच्छा सोडलेला नाही.

गुरांच्या किंवा कुत्र्यांच्या अंगाला चिकटून बसणारी चिवट माशी तुम्ही पाहिली असेल. तिचीच ही चुलत बहीण. शास्त्रीय नाव स्यूडोलिंचिया कॅनारिएन्सिस. नर आणि मादी दोघेही पारव्याचे रक्त पितात. पिताना हिवतापाच्या जंतूचा एक नातलग, हीमोप्रोटिअस, या पक्ष्यातून त्या पक्ष्यात नेतात. 1906 साली सेर्जां बंधूंनी अल्जीरियात हे दाखवून दिले. माणसाला मात्र हा जंतू बाधत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. ही माशी अंडी घालीत नाही. एका वेळी एकच अळी आईच्या पोटात वाढते. पूर्ण वाढ झाली की आई तिला बाहेर टाकते, आणि थोड्याच वेळात तिचा काळा, टणक, बीसारखा कोश बनतो. तो घरट्यातल्या काड्याकचऱ्यात पडून राहतो. उबदार हवेत साधारण 25 ते 30 दिवसांनी त्यातून माशी निघते.

आता हिशेब करा. पारव्याची अंडी सुमारे 18 दिवसांत फुटतात. अंडी घातली त्याच दिवशी कोश पडला असेल, तर 28व्या दिवशी माशी बाहेर येईल. तेव्हा पिल्लू असेल 10 दिवसांचे. पिसे नुकती फुटू लागलेली, उडता येत नाही, पळता येत नाही. म्हणूनच कबुतरे पाळणाऱ्याने खुराडे 25 दिवसांच्या आत पुन्हा झाडले पाहिजे. कोश फुटण्याआधीच बाहेर जातात. (वळचणीची घरटी तुम्ही मात्र उकरू नका. वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला बाधते.)

पारव्याचे अंग असते सुमारे 41 अंश सेल्सिअस. त्याच्या पिसांत माशीला थंडी कसली? पण कोश पडलेला असतो दगडावर. त्याला बाहेरची हवा जे देईल तेच तापमान. हवा गार, तर वाढ मंद. फार गार, तर वाढ खुंटते. म्हणून माणसाने नेलेल्या कबुतरांबरोबर ही माशी अमेरिकेतही पोचली, पण तिचे खरे राज्य उष्ण प्रदेशांतच राहिले.

दुसऱ्या काही माशांची तऱ्हा अगदी उलटी. त्यांची प्रौढ माशी पक्ष्याला चावतच नाही. रक्त पिते ती घरट्यातली अळी. त्यांनी पृथ्वी जणू वाटून घेतली आहे. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेत प्रोटोकॅलिफोरा, मध्य व दक्षिण अमेरिकेत मुख्यतः फिलॉर्निस, आफ्रिकेपासून आपल्या देशावरून ऑस्ट्रेलियापर्यंत पॅसेरोमिया.

ही वाटणी मोडली की काय होते, ते गॅलापागोस बेटांवर दिसले. डार्विनच्या फिंच पक्ष्यांची ही बेटे. फिलॉर्निस डाउन्सी ही माशी तिथली नव्हे. 1964 साली पकडलेल्या कीटकांत ती असल्याचे मागाहून उमगले. घरट्यांत तिच्या अळ्या सापडल्या 1997 साली. लहान अळ्या पिल्लांच्या नाकपुड्यांत राहतात, मोठ्या झाल्या की दिवसा घरट्याच्या तळाशी लपतात आणि रात्री वर येऊन रक्त पितात. काही घरट्यांत एकही पिल्लू वाचत नाही.

शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती केली. परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस ठिकठिकाणी टांगून ठेवला. फिंचांनी तो आपणहून नेऊन घरट्यात विणला आणि अळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या! हा प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. खारफुटीतला फिंच मात्र तोवर जेमतेम शंभरावर आला होता. त्याच वर्षी त्याची अंडी झाडावरून उतरवून, पिल्ले हाताने भरवून, मोठी झाल्यावर पुन्हा खारफुटीत सोडण्याचा खटाटोप सुरू झाला.