पाच जणांना बसवा आणि गप्प राहा!

वेबसाइट बनवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. ती दुसऱ्याला वापरता येते का, हे बघायचं मात्र राहून जातं. त्यासाठी लागते एक दुपार, पाच माणसं आणि चहाचे पैसे!

विरार पूर्वेला चंदनसारला एमएच ४८ चं आरटीओ ऑफिस आहे. अठरा पूर्ण झाले की वसई-विरारमधल्या मुलामुलींना वेध लागतात ते लायसन्सचे. २०२१ पासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या मदतीने घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देऊन शिकाऊ लायसन्स काढता येतं. म्हणजे दुकानात जायची गरजच नाही, बरोबर?

तरीही कुठल्याही आरटीओच्या, तहसील कचेरीच्या किंवा कॉलेजच्या आसपास एक चक्कर मारा. झेरॉक्सच्या दुकानावर पाटी दिसतेच: 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' सरकारी फी वेगळी, दुकानदाराचे पैसे वेगळे. रांगेत उभ्या असलेल्या काकांना विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, 'आपल्याला नाही जमत बाबा ते!'

हे वाक्य नीट ऐका. काका दोष स्वतःला देतायत, स्क्रीनला नाही.

चूक कुणाची?

तुमच्या वर्गातला स्विचबोर्ड आठवा. आठ बटणं, चार पंखे, चार ट्यूब. तीन वर्षं त्याच वर्गात बसूनही शेवटच्या बाकावरचा पंखा लावताना आधी दोन दिवे बंद होतात. तुम्ही ढ आहात का? नाही. कुठलं बटण कशाचं, हे बोर्ड सांगतच नाही. डॉन नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. वस्तू वापरताना लोक पुन्हा पुन्हा चुकत असतील, तर आधी वस्तूची मांडणी तपासा.

वेबसाइटचंही तसंच आहे. 'इनव्हॅलिड इनपुट' असा लाल मेसेज येतो. काय चुकलं ते कळत नाही. फोटो किती केबीचा हवा, ते अपलोड फसल्यावर समजतं. आडनाव आधी की नाव आधी, ते कुठेच लिहिलेलं नसतं. ओटीपी जातो कामावर गेलेल्या बाबांच्या फोनवर, आणि ते फोन उचलेपर्यंत पेज बंद! ज्याच्या स्कॉलरशिपची आज शेवटची तारीख आहे, त्याचं यात वर्ष अडकू शकतं.

तुम्ही आयटीचा प्रोजेक्ट करत असाल किंवा कॉलेज फेस्टची साइट बनवत असाल, तर हेच तुमच्याही हातून होणार आहे. कारण साधं आहे. साइट तुम्ही बनवलीय, त्यामुळे बटण कुठे आहे ते तुम्हाला आधीच माहीत असतं. इतरांना नसतं.

पाचच का?

यावरचा उपाय म्हणजे युजेबिलिटी टेस्टिंग. सोप्या भाषेत, खऱ्या माणसाला खरं काम द्यायचं आणि तो कुठे अडखळतो ते बघायचं. लॅब लागत नाही, शेकडो लोकही लागत नाहीत. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवून देतो आणि पाच जण मिळून साधारण ८५ टक्के. त्यानंतर येणारे बहुतेक त्याच जागी अडखळतात. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जण बसवा, साइट सुधारा आणि मग पुढचे पाच बोलवा.

हे पाच जण तुमच्या बेंचवरचे नकोत, साइट खरोखर वापरणारे हवेत. फेस्टची साइट असेल तर कॉमर्सची फर्स्ट इयरची मुलगी बोलवा. फॉर्म पालकांसाठी असेल तर शेजारच्या काकूंना बसवा. आणि लॅपटॉपवर नको, फोनवर! तुमचा युजर विरार लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असतो आणि नेट येत-जात असतं.

करायचं कसं?

सुरुवातीलाच सांगा, 'परीक्षा तुमची नाही, साइटची आहे.' नाहीतर समोरचा घाबरतो आणि उगाच 'छान आहे' म्हणतो.

काम द्या, बटणाचं नाव नका सांगू. 'रजिस्टरवर क्लिक कर' असं नाही, तर 'तुला ग्रुप डान्समध्ये भाग घ्यायचाय, नाव दे बघू' असं म्हणा.

मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. 'हे काय आता?', 'हे दाबू का?' यातच सगळा माल असतो.

आणि सगळ्यात अवघड काम: गप्प बसा. 'वर बघ, वर!' असं तोंडावर येईल. गिळा. साइट लोकांच्या घरी पोचेल तेव्हा तुम्ही शेजारी नसाल.

मित्राला नोंदी घ्यायला बसवा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. कुणाचा खरा आधार नंबर किंवा पासवर्ड टाकायला लावू नका, खोटी माहिती तयार ठेवा. शेवटी तीन किंवा जास्त जण जिथे अडले, ते आधी दुरुस्त करा. रंग आणि फॉन्टचं नंतर बघू.

फक्त स्क्रीन तपासून भागत नाही, काम पूर्ण होतं का ते बघा. २०१४ मध्ये मुंबईत यूटीएस अ‍ॅपवर लोकलचं तिकीट मिळायला लागलं, तेव्हा फोनवर पैसे भरूनही तिकीट स्टेशनातल्या मशीनवर छापून घ्यावं लागायचं. अ‍ॅप चालत होतं, पण मशीनपाशी जाणं काही सुटलं नव्हतं. २०१५ मध्ये पेपरलेस तिकीट आलं, तेव्हा कुठे खरी सोय झाली.

आपल्या भाषेतलं उदाहरण

मोबाइलवर मराठी टाइप करणं कटकटीचं वाटतं ना? आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या टीमने 'कीलेख' आणि पुढे २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हे कीबोर्ड तयार केले. इंग्रजी कीबोर्डवर मराठी अक्षरं कोंबण्याऐवजी त्यांनी आपण शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेचा क्रमच घेतला. स्वरचक्रमध्ये 'क'वर बोट ठेवलं की भोवती चक्रात का, कि, की, कु अशी बाराखडी उघडते. वापरणाऱ्याच्या डोक्यात जे आधीपासून आहे, तिथून सुरुवात करायची ती अशी.

यात करिअर करायचं असेल तर बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड या परीक्षा आहेत, दोन्ही आयआयटी मुंबईच घेते. पण त्याआधी एक प्रयोग करून बघा. या रविवारी तुमचा प्रोजेक्ट फोनवर उघडा, आईच्या हातात द्या, एक काम सांगा आणि दहा मिनिटं गप्प बसा. ती 'मला नाही जमत रे' म्हणाली, तर वहीत लिहून घ्या, नेमकी कुठल्या पेजवर म्हणाली ते.