विष्णुदास भावे यांची आख्यान-नाटके

विष्णुदास भावे (मूळ नाव विष्णु अमृत भावे, निधन ९ ऑगस्ट १९०१) हे सांगलीचे आख्यानकार, सूत्रधार व नाटक मंडळीचे चालक होते. देव, दानव, ऋषी आणि अप्सरा यांच्या अद्भुत कथांवर त्यांनी रचलेल्या नाट्याख्यानांपासून आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो. प्रारंभी त्यांना सांगली संस्थानच्या अधिपतींचा आश्रय होता. तो १८५१ मध्ये संपल्यावर त्यांनी स्वतःची आख्याने, स्वतःची मंडळी आणि स्वतः मिळवलेला प्रेक्षक यांच्या बळावर सुमारे दहा वर्षे दौरे केले. अद्भुत कथा रचणारा लेखक कोणत्याही दरबाराचा सेवक न राहता थेट लोकांकडून पैसे घेऊन आपली कला चालवतो, याचे मराठीतील हे एक आद्य उदाहरण आहे.

आरंभ

भावे यांचे वडील अमृतराव हे पटवर्धन सरदारांच्या सेवेत होते. विष्णूचे मन मात्र कथा रचण्यात, चित्रे काढण्यात आणि लाकडी बाहुल्या घडवण्यात रमे. १८४२ मध्ये उत्तर कानडा भागातील एका भागवत मंडळीने सांगलीत आपले खेळ केले. यक्षगानाच्या परंपरेतील ते खेळ पाहून संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना मराठीत अशाच प्रकारचे, पण अधिक नेटके नाटक व्हावे असे वाटले. हे काम त्यांनी भावे यांच्यावर सोपवले. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर' हा खेळ झाला. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

या खेळाला 'पहिले मराठी नाटक' म्हणण्याची प्रथा असली, तरी ते विधान जपून करावे लागते. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिली होती. मात्र ती महाराष्ट्रापासून दूर दरबारी परिघातच राहिली आणि सांगलीच्या मंडळींना त्यांचा परिचय असण्याचे कारण नव्हते. भावे यांच्यापुढचे नमुने जवळचे होते : कानडी भागवतांचे खेळ, कोकणातील दशावतार, ललित आणि कीर्तन.

आख्यानाची घडण

भावे यांच्या खेळाची रचना पुढे अनेकांनी उचलली, म्हणून ती समजून घेणे आवश्यक आहे. प्रथम सूत्रधार साथीदारांसह मंगलाचरण गाई. मग अंगाला झाडाचा पाला बांधलेला विदूषक नाचत येई आणि त्या दोघांचा विनोदी संवाद होई. नंतर गणपती प्रकट होऊन विघ्ननिवारणाचे आश्वासन देई आणि मोरावर बसलेली सरस्वती नृत्य करून आशीर्वाद देई. त्यानंतर मुख्य आख्यान सुरू होई. देवांची कचेरी, राक्षसांची कचेरी, ऋषींचा आश्रम असे कथेचे ठरावीक मुक्काम असत. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत.

राक्षस हे या खेळांचे मोठे आकर्षण होते. रंगवलेले भेसूर चेहरे, हातात तलवार, आणि 'अललल' व 'डुर्र' अशा आरोळ्या ठोकत होणारा प्रवेश यांमुळे या नाटकांना पुढच्या पिढीने थट्टेने 'अललडुर्र' नाटके म्हटले. थट्टा करणाऱ्यांपैकी अनेकांनी लहानपणी तेच राक्षस डोळे विस्फारून पाहिले असणार, हे ध्यानात घेतलेले बरे.

लेखनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. भावे पदे रचत. ती पदे सूत्रधार गात असे व कथा त्याच्याच मुखाने पुढे सरके. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. पदाचा आशय ध्यानात घेऊन नट आयत्या वेळी बोलत. म्हणजे लेखकाच्या हाती कथेचा सांगाडा आणि गाणे एवढेच राही, बाकीचे सारे प्रयोगात घडे. दरबारात याने काही बिघडत नव्हते. खुल्या बाजारात मात्र हीच सैलसर रचना भावे यांना अडचणीची ठरली.

राजाश्रयाचा अंत

१८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले. त्यांचे पुत्र धुंडिराज तात्यासाहेब त्या वेळी अल्पवयीन होते आणि नाटकासाठी पूर्वीसारखा आधार देणारे कोणी राहिले नाही. हा काळच दरबारी आश्रय आटत जाण्याचा होता. शेजारच्या साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य १८४८ मध्ये, दत्तकपुत्राचा वारसा नाकारून, कंपनी सरकारने खालसा केले होते. एका दरबारातून उठून दुसऱ्या दरबारात जाण्याची कलावंतांची जुनी वाट त्यामुळे अरुंद झाली होती. पोशाख, दागिने, मुखवटे, साज आणि शिकवून तयार केलेली माणसे एवढे भांडवल भावे यांच्याजवळ होते. ते मोडून टाकणे किंवा बाहेर पडणे, हे दोनच पर्याय उरले. भावे बाहेर पडले.

मुंबईतील प्रयोग

मंडळी पुण्यावरून मुंबईला पोहोचली. मुंबईतील खेळ १८५३ च्या आरंभी झाले. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदर ते ठाणे धावली ती त्याच वर्षी १६ एप्रिलला. म्हणजे सांगलीहून सारा संच रस्त्यानेच, घाट उतरून न्यावा लागला.

मुंबईत भावे यांच्यापुढे प्रश्न होता तो अनोळखी प्रेक्षकाचा. सांगलीत प्रेक्षक आमंत्रणाने येत. येथे त्यांनी तिकीट काढून येणे आवश्यक होते. गिरगावातील वाड्यात खेळ करून प्रथम मराठी वस्तीत नाव झाले. त्यानंतर मंडळीने ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ केला. हे नाट्यगृह १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर उभे राहिले होते व तेथे मुख्यतः इंग्रजी नाटके होत. येथील 'इंद्रजित वध'च्या खेळाची जाहिरात 'बॉम्बे टाइम्स' या इंग्रजी वृत्तपत्रात देण्यात आली. रामायणातील मायावी युद्धाच्या मराठी खेळाची जाहिरात इंग्रजीत द्यावी, यात भावे यांची व्यवहारदृष्टी दिसते : ग्रँट रोडला येणारा प्रेक्षक इंग्रज, पारशी, गुजराती असा संमिश्र होता. शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या प्रतिष्ठितांचे प्रोत्साहन मिळाल्याने शिष्ट समाजही नाटकाकडे वळला. मराठी न समजणाऱ्या प्रेक्षकांसाठी भावे यांनी 'राजा गोपीचंद' हे आख्यान हिंदीतही सादर केले.

मुंबईच्या नाट्यगृहात पडदे, रंगवलेली दृश्ये आणि प्रेक्षकांची आसनव्यवस्था भावे यांना जवळून पाहता आली. त्याच वर्षी त्याच नाट्यगृहात पारशी नाटक मंडळीचेही खेळ सुरू झाले.

त्या काळी आश्रयाविना लेखकाची काय गत होत असे, हे समजण्यासाठी एक समकालीन उदाहरण उपयोगी आहे. मूळच्या सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या कुटुंबातील जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले आणि त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. विषय व हेतू या दोन्ही बाबतीत ते भावे यांच्या आख्यानांहून सर्वस्वी भिन्न होते. पण फुल्यांजवळ मंडळी नव्हती. भावे यांच्याजवळ ती होती, आणि त्यांना कोणत्याही कमिटीची संमती लागली नाही.

अनुकरण आणि मुद्रण

मुंबई-पुण्यातील यशामागोमाग अनुकरण आले. इचलकरंजीकर, अळतेकर, कोल्हापूरकर अशा गावांच्या नावांच्या मंडळ्या निघाल्या. त्यांचे सूत्रधार, त्यांचे गणपती आणि त्यांचे राक्षस भावे यांच्या साच्यातलेच होते. पुराणकथा सर्वांच्या मालकीच्या, भाषणे अलिखित आणि पदे ऐकून पाठ करता येण्याजोगी; तेव्हा अनुकरण थांबवणार कसे? सांगलीत तयार झालेला एखादा नट दुसऱ्या मंडळीत गेला की आख्यानही त्याच्याबरोबर जाई. शिवाय प्रत्येक नव्या मंडळीला प्रेक्षक खेचण्यासाठी राक्षस अधिक मोठ्याने ओरडवावे लागत. अद्भुताचा दर्जा घसरला तो बराचसा या चढाओढीमुळे. पुढे टीकाकारांनी त्याचा दोष मूळ रचनेवर टाकला, ते पूर्णपणे न्याय्य नाही.

१८६०च्या दशकाच्या आरंभी भावे या व्यवसायातून निवृत्त झाले. त्यांची पदे 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने १८८५ मध्ये छापली गेली, म्हणजे 'सीता स्वयंवर'नंतर तब्बल ४२ वर्षांनी. तोवर अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने (१८८०) प्रेक्षकांची अभिरुची बदलून टाकली होती. आपली रचना आपल्या नावाने ग्रंथरूपात आली, पण तिचा बाजार संपल्यावर.

अद्भुताचा पुढील प्रवास

भावे निवृत्त होत असतानाच अद्भुत कथा छापील पुस्तकात शिरली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' त्याच दशकातील. रिसबूड यांनी प्रस्तावनेत असे कारण दिले की, आपल्या लोकांच्या नित्याच्या जीवनात रोचक असे फारसे काही नसल्याने कादंबरीकाराला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो. अशा लेखनाची चिकित्सा काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' (१८७२) या पुस्तकात आढळते. वाचकाला आता राक्षस पाहण्यासाठी रात्रभर जागण्याची गरज उरली नव्हती.

रंगभूमीवर मात्र अद्भुत वेगळ्या वाटेने टिकले. साताऱ्याचे जुने नाव मिरवणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने शेक्सपिअरच्या रूपांतरांचे खेळ केले. आगरकरांच्या 'विकारविलसित'मधील पित्याचे भूत हे अललडुर्र राक्षसाचे दूरचे नातेवाईक म्हणता येईल, फक्त ते आता लिहून ठेवलेली वाक्येच बोलत होते.

स्मृती

सांगलीतील नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव देण्यात आले आहे. अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समिती, सांगली, ही संस्था ज्येष्ठ रंगकर्मींना ५ नोव्हेंबर रोजी विष्णुदास भावे गौरवपदक प्रदान करते. भावे यांच्या लाकडी बाहुल्यांचे पुनरुज्जीवन शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी केले व त्यांच्या साहाय्याने 'सीता स्वयंवर'चे खेळ पुन्हा सादर केले.