लाइट बिल कमी, म्हणून घर हिरवं?

नागपूरहून निघून कामठी मागे टाकून जबलपूरच्या रस्त्याने नदीचा पूल ओलांडला की कन्हान लागतं. आसपास गोंडेगाव, इंदर, कामठी या वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खुल्या खाणी. थोडं पलीकडे खापरखेडा आणि कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या. खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॅट, तर कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच. अशा गावात गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेऊन कुणी दारात आलं आणि 'तुमच्या घराचा कार्बन मोजायचा आहे' म्हणालं, तर ऐकणाऱ्याला हसू फुटणारच. "एवढी मोठी चिमणी सोडून आमच्या घरी काहाचा कार्बन, बापा?"

प्रश्न रास्त आहे. पण चिमणी स्वतःसाठी जळत नाही. देशातल्या विजेचा साधारण पाव हिस्सा घरंच वापरतात, आणि पंखे, कूलर, एसी, फ्रिज वाढतात तसा तो वाढतोच आहे. घरांचं डीकार्बनायझेशन हा विषय घेऊन काम करणारे रिसर्च अ‍ॅनालिस्ट या टोकाकडून हिशेब मांडतात. कोणत्या घरात कोणती ऊर्जा कशासाठी जाते, ती कमी कशी होईल, आणि कमी करताना घरातल्या माणसाचे हाल तर होणार नाहीत ना, एवढंच त्यांचं काम. त्याबद्दलचे गैरसमज मात्र भरपूर आहेत.

पहिला गैरसमज दारातच भेटतो : 'सोलरवाले आले.' फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान. तेव्हापासून छताकडे बघणारा प्रत्येक माणूस विक्रेता वाटू लागला, यात लोकांची चूक नाही. अ‍ॅनालिस्ट काही विकत नाही. बऱ्याचदा तर 'या घराला आत्ता सोलर नको, आधी छताला चुना मारा' असाच निष्कर्ष त्याच्या अहवालात निघतो, आणि तो विक्रेत्याला आवडत नाही.

दुसरा गैरसमज शिकलेल्यांचा. कोराडी हाकेच्या अंतरावर, म्हणजे कन्हानच्या घरातली वीज सगळी कोळशाची, तेव्हा इथल्या युनिटला मुंबईपेक्षा जास्त कार्बन धरा, असं काहीजण सांगतात. वीज अशी शेजारधर्माने वागत नाही. कोराडीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि घरात येते ती ग्रिडमधली : कोळसा, पाणी, वारा, ऊन, अणू सगळ्यांची मिसळ. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडची सरासरी काढतं, ती गेली काही वर्षं युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. कन्हान असो की कणकवली, हिशेबाला हाच आकडा. शेजारच्या चिमणीची राख आणि धूळ मात्र खरोखरच शेजाऱ्यांच्या वाट्याला येते, पण ते प्रदूषण वेगळं, त्याचं मोजमापही वेगळं. शिवाय वीजकेंद्राच्या खात्यात जो धूर थेट धरला, तोच घराच्या खात्यात अप्रत्यक्ष म्हणून येतो. दोन्हींची बेरीज केली की एकाच कोळशाचा धूर दोनदा निघतो. अशी बेरीज केलेले अहवाल फिरत असतात.

आकड्यांच्या गोंधळाचा इथला खास नमुना म्हणजे वेकोलिचं 'कन्हान क्षेत्र'. कोळशाच्या तक्त्यात ते नाव पाहून नवखा माणूस आकडे उचलतो आणि ते निघतात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्याचे. नदी तिकडूनच येते, म्हणून नावही तिकडे आहे. पारशिवनी तालुक्यातल्या कन्हानच्या आजूबाजूच्या खाणी वेकोलिच्या नागपूर क्षेत्रात मोडतात.

आता मुख्य मुद्दा. 'ज्याचं लाइट बिल कमी, त्याचं घर पर्यावरणाला चांगलं' हा समज इतका पक्का बसला आहे की योजना आखणारेही त्याच चालीने बोलतात. दोन घरं घेऊ. एक स्लॅबचं, तीन खोल्यांचं. वर्षाला साधारण १,४४० युनिट आणि आठ सिलिंडर. विजेचा कार्बन धरा एक टनभर. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आठ सिलिंडरचे ३४० किलो. दुसरं घर टिनाच्या छताचं, एका खोलीचं; वर्षाला ४०० युनिट, तीन सिलिंडर. कागदावर दुसऱ्या घराने बाजी मारली. पण नागपूरकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना त्या टिनाखाली एक पंखा गरम हवाच फिरवत असतो. तिथली बाई दुपारी लेकरांना घेऊन लिंबाखाली बसते. हे घर ऊर्जा वाचवत नाही, त्याला ती मिळालेलीच नाही. उद्या घरात कूलर आला की वापर वाढणार, आणि तो वाढायलाच हवा. चांगला अ‍ॅनालिस्ट अशा घराला 'कार्यक्षम' म्हणत नाही. 'गरज दबलेली' असा वेगळा रकाना ठेवतो आणि हिशेब करताना कूलर असता तर किती युनिट लागले असते तेही धरतो. हा रकाना नसलेल्या अहवालाचा अर्थ शेवटी एवढाच उरतो की गरिबांनी असंच राहावं आणि बाकीच्यांनी त्यांचं कौतुक करावं.

सिलिंडरचंही तसंच. उज्ज्वला योजना मे २०१६ पासूनची. गॅसजोडणी घरोघरी पोचली. 'स्वयंपाक कशावर?' असं विचारलं की उत्तर येतं, गॅसवर. ते खोटं नसतं. पण अंगणात शेगडी असते, तिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं, थंडीत डाळही शिजते. कोळशाच्या पट्ट्यात कोळसा सायकलवरच्या पोत्यातून घरापर्यंत पोचतो, त्याची पावती नसते. म्हणून प्रश्न बदलावा लागतो : सिलिंडर किती दिवस पुरतं? पाच माणसांच्या घरात एक सिलिंडर तीन महिने पुरत असेल तर उरलेली आग कुठून येते, ते शोधायचं. आणि हा प्रश्न घरच्या बाईलाच विचारायचा. बिल पुरुषाच्या नावावर असतं, सिलिंडर लागल्याची तारीख बाईच्या लक्षात असते.

बिलाचीही एक गंमत आहे. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांकाबरोबर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तेवढ्यावरून घराचा उन्हाळा वाचता येतो. डिसेंबरचा वापर म्हणजे घराचा पाया : दिवे, फ्रिज, टीव्ही. एप्रिल-मेमध्ये त्यावर जो उंचवटा येतो, तो गारव्याचा. समजा डिसेंबरला ७० युनिट आणि मेमध्ये २४०, तर १७० युनिट गारव्याला गेले. यात दोन खोड्या लपलेल्या असतात. कधी मीटर एकच आणि भाडेकरू तीन असतात. कधी रीडिंग न घेता अंदाजे बिल लावलेलं असतं, मग पुढच्या महिन्यात एकदम डोंगर. म्हणून बिल हातात घेतल्यावर आधी मीटरकडे बघायचं.

पुण्याच्या प्रयास (ऊर्जा गट) या संस्थेने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या शंभराहून अधिक घरांमध्ये मीटर बसवून दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज जाते याची नोंद ठेवली, तीही थेट उपकरणांपर्यंत. या विषयाला असं खालून वर जाणारं काम लागतं. माणसाला विचारलं तर तो सांगतो एसी दोन तास चालतो. मीटर काय सांगतो, ते मीटरला विचारावं.

परदेशी साचा ही वेगळी डोकेदुखी. ब्रिटनमध्ये घराचा कार्बन म्हणजे मुख्यतः घर तापवण्याचा गॅस; म्हणून तिथला सगळा जोर गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवण्यावर आणि भिंती-छताला ऊब धरून ठेवणारे थर चढवण्यावर. नागपुरात किंवा पुण्यात बसून तिकडच्या घरांचे आकडे हाताळणारी मराठी मुलं-मुली आहेत, आणि काम उत्तम करतात. अडचण होते ती तोच तक्ता इकडे आणला की. 'हीटिंग' नावाचा भलामोठा रकाना रिकामा राहतो आणि कूलर कुठे लिहायचा तेच सापडत नाही. कूलर म्हणजे जुनाट, एसी म्हणजे प्रगती हाही त्याच साच्यातला समज. बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा खसच्या किंवा वुडवूलच्या ओल्या ताट्यांमधून आलेली हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरू शकते. वीज लागते दोनशे वॅटच्या आसपास. दीड टनाचा एसी भर दुपारी हजार-दीड हजार वॅट ओढतो. मात्र कूलरला पाणी लागतं, मोठा असेल तर दिवसाकाठी शंभरेक लिटर, आणि मे महिन्यात टाकीतल्या पाण्याचा हिशेब विजेपेक्षा कडक असतो. पावसाळा लागला की कूलर दमट हवाच फेकतो. शिवाय एसी असल्यासारख्या दारं-खिडक्या लावून घेतल्या तर कूलर काम करत नाही. हवेला बाहेर जायला वाट हवी. हे सांगावं लागतं, अजूनही.

सोलरबद्दलचा आणखी एक समज : 'नागपूरच्या उन्हात सोलर सगळ्यात जास्त पिकतं.' उजेड भरपूर हे खरं. पण पॅनेलला हवा असतो उजेड, उष्णता नव्हे. तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के ताकद घटते. मेच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांवर असेल, तर चौदा ते सोळा टक्के तिथेच गेले. कन्हानसारख्या ठिकाणी वर कोळशाची धूळ बसते, ती न धुता वर्षभर तसंच ठेवणारी घरं असतात. एवढं सगळं धरूनही एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो, म्हणजे सौदा वाईट नाही. फक्त जाहिरातीतला आकडा वेगळा असतो.

पंखे आणि उपकरणांवरचे वीजबचतीचे स्टार यांचं थोडक्यात. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या एसीवरचे पाच स्टार आजच्या मोजपट्टीवर तेवढे भरतीलच असं नाही. लेबलवरचं वर्ष बघावं. साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. टीव्ही बंद केल्यावर सेट-टॉप बॉक्स बंद होतो असं मानणाऱ्यांनी रात्री त्याला हात लावून बघावा.

या कामाला इंजिनिअरच लागतो, हाही समज काढून टाकायला हवा. एक्सेल किंवा पायथॉन शिकता येतं. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल घेतलेली मुलं इथे चालतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की गृहविज्ञानवाल्या मुली सगळ्यात आधी चालायला हव्यात. घर कसं चालतं हे ज्यांना शिकवलं जातं, त्यांना कुणी बोलावत नाही. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केल्यावर अशा नोकऱ्यांची चलती झाली. पण त्यातल्या बहुतेक कंपन्यांच्या कार्बनच्या. घरांचं काम संशोधन संस्था, वीज कंपन्यांचे प्रकल्प आणि सल्लागार यांच्याकडे, आणि बरंचसं प्रकल्पाच्या मुदतीपुरतं. प्रकल्प संपला की पुढचा शोधा.

कन्हानमध्ये सगळ्यात जपून बोलावं लागतं ते खाणकामगाराच्या घरी. 'तुमच्या सर्व्हेने खाण बंद होणार काय?' नाही. कूलरचा पंप बदलल्याने किंवा छताला चुना मारल्याने कोणतीही खाण बंद होत नाही. भारताने ग्लासगोच्या परिषदेत २०२१ मध्ये नेट झिरोसाठी २०७० सालाचा शब्द दिला, आणि तोवर खाणींचं काय होणार हे ठरवायचा अधिकार टॅब घेऊन फिरणाऱ्याला नाही. त्याच्या अहवालाने ठरू शकतं ते एवढं, की येणारा पैसा आधी पंख्यांवर जावा, छतांवर, की पॅनेलवर. आणि इथे सगळ्यात जुना अडथळा येतो. सोलरच्या अनुदानाला स्वतःचं छत आणि स्वतःच्या नावाची जोडणी लागते. भाड्याच्या खोलीत, सरकारी जागेवरच्या टिनात किंवा कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला ते मिळत नाही, मग त्याच्यावर कितीही ऊन पडो. म्हणून जाणती मंडळी प्रश्नावलीत 'महिन्याला किती युनिट?' हा प्रश्न दुसरा ठेवतात. पहिला असतो, 'हे छत कोणाचं?'