कुंडीतले सायप्रस आणि ट्रेमधले पाणी

सूचिपर्णी झाडे सदाहरित असतात, असे शाळेत शिकवले जाते. बहुतांशी ते खरेच आहे. पण लार्च, मेटासिक्वोया, बाल्ड सायप्रस अशी मोजकी सूचिपर्णी झाडे दरवर्षी पाने गाळून उघडीबोडकी होतात. बोन्साय करणाऱ्यांना त्यांचे मोठे आकर्षण. पाने गेली की खोडाचा निमुळता आकार आणि फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते, आणि नंतर तीच कुंडी पोपटी, पिसांसारख्या पालवीने भरून जाते.

अर्धापूरच्या अंगणात यातले कोणते जगेल? लार्च नाही. भारतात ते सिक्कीम, अरुणाचलच्या उंच डोंगरांत वाढते. कित्येक आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत. आपल्याकडे जानेवारीत पहाटे गारठा पडतो, पण दुपारी ऊन तापतेच. आपला सागही पाने गाळतो, मात्र थंडीमुळे नव्हे, तर जमिनीतला ओलावा संपल्यामुळे. पानगळ सारखी दिसली तरी झाडाची गरज वेगळी असते. त्यामुळे लार्चचे बी मागवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

मेटासिक्वोयाची कथा रंजक आहे. शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये जीवाश्मांवरून त्याचे वर्णन केले आणि पुढच्या काही वर्षांत चीनमध्ये त्याची जिवंत झाडे सापडली. पण मराठवाड्यातला कोरडा उन्हाळा त्याला मानवणार नाही.

उरते बाल्ड सायप्रस. हे अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतले झाड, म्हणून उकाड्याची त्याला सवय आहे. नॉर्थ कॅरोलिनातील ब्लॅक नदीकाठच्या अशा एका झाडाचे वय किमान २,६२४ वर्षे असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. उष्ण भागात त्याची पाने उशिरा गळतात, एवढाच फरक. बोन्सायच्या कुंडीत मात्र आपली काळी माती नको. ती वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. जाड वाळू, विटांचा चुरा आणि कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण चांगले. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पाने पिवळी पडतात, कारण अशा पाण्यामुळे मुळांना लोह घेता येत नाही. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. कुंडी बदलणे आणि मुळांची छाटणी कळ्या फुगण्याआधी उरकावी. फांदीला वळण देणारी तार सालीत रुतू लागली की लगेच काढावी.

उथळ कुंडी मे महिन्यात काही तासांत वाळते. म्हणून या दलदलीतल्या झाडाची कुंडी पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. झाडाला ते आवडते, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासालाही. त्याला गटाराचे नव्हे, घरातले साठलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळाले की त्यांतून अळ्या निघतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून कडा घासणीने खसखसून घासाव्यात आणि तो उन्हात वाळवावा. कोरडा दिवस पाळताना लोक हौद, रांजण आठवणीने रिकामे करतात. कुंडीखालचे ताट मात्र विसरतात. पावसाचे पाणी साठवलेल्या पिंपालाही घट्ट झाकण किंवा कापड हवे.

त्याहून सोपा उपाय म्हणजे ट्रे खडीने भरणे. पाण्याची पातळी खडीच्या खाली राहिली की ओल मिळते आणि पाणी उघडे राहत नाही. कुंडी खोल टबात ठेवली असेल, तर त्यात गप्पी मासे सोडता येतात.

घरात कुणाला ताप आलाच, तर रक्ततपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरू लागतो तेच दिवस जास्त जपायचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे किंवा गळून जाणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि सुट्टीत गावी जाताना झाड शेजाऱ्यांकडे सोपवले, तर पाण्याबरोबर घासणीचेही सांगून ठेवावे.